दहा फूट कुठी जाते?

स्वागत समारंभाला जमलेल्या पाच-सातशे माणसांत नवरानवरीकडे मनापासून पाहणारा माणूस एकच असतो. तो म्हणजे फोटोग्राफर. बाकीच्यांचा एक डोळा आहेराच्या पाकिटावर आणि दुसरा जेवणाच्या मांडवावर. खुद्द नवरदेवसुद्धा नवरीकडे पाहत नाही, तो फोटोग्राफरकडे पाहतो. आणि बिचारा फोटोग्राफर जे डोळे ताणून पाहत असतो ते त्याला धड दिसत नसतं. कारण आमच्याकडे स्वागत समारंभ दिवेलागणीनंतर असतो.

वाशिमच्या इतिहासाची पुस्तकं वाकाटकांच्या वत्सगुल्मापासून सुरू होतात आणि फोटोग्राफरपर्यंत येता येता त्यांची पानं संपतात. म्हणून हा इतिहास बँकेतल्या एका कारकुनाला लिहावा लागतो आहे. मी बी.कॉम. असल्यामुळे प्रकाशाशी माझा संबंध वीजबिलापुरताच. पण अंतर आणि आकडे म्हटलं की आम्हालाही थोडं कळतं.

आधी एक घोटाळा मिटवू. फ्लॅश आला की अंधाराचा प्रश्न सुटला, असं लोकांना वाटतं. 1887 साली मीथे आणि गेडिके या दोघा जर्मनांनी मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून फोटो काढायची युक्ती शोधली. चाळीसएक वर्षांनी फ्लॅशचे बल्ब आले, मग बॅटरीवरचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश. सगळं खरं. पण फ्लॅश पडतो तो बटण दाबल्यावर. फोकस लावायचा असतो त्याच्या आधी, म्हणजे अंधारातच. पगार एक तारखेला आणि वाणी दारात अठ्ठावीसला, त्यातला प्रकार.

माझ्या आईबाबांचं लग्न 1977 सालचं. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा व्हायला 1 जुलै 1998 उजाडावा लागला. फोटोग्राफरकडे दोन डोळ्यांचा याशिका होता. एक भिंग फोटो घेण्यासाठी, दुसरं पाहण्यासाठी. छातीशी कॅमेरा धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि खाली मान घालून आतल्या धुरकट काचेवर चित्र पाहायचं. चित्र सुलटं, पण डावं उजवीकडे. नवरी डावीकडे सरकली की काचेवर उजवीकडे जायची. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, हा माणूस कोणाला तरी नमस्कार घालतो आहे.

दिवसा या काचेवर नाकातली चमकी दिसे. रात्री साठच्या बल्बाखाली काचेवर नुसती काळी चहा-पावडर. त्यावर उपाय म्हणजे बॅटरी धरणारा पोऱ्या. तो नवरीच्या गालाजवळ बॅटरीचा झोत धरायचा, फोटोग्राफर काचेवर तो ठिपका रेखीव होईपर्यंत चाक फिरवायचा, "हट रे!" म्हणायचा, पोऱ्या हटायचा आणि मग झगझगाट. एका रोलात फोटो बारा. बारा फोटोंत दोन्हीकडचे मामा बसवायचे म्हणजे अंदाजपत्रकच.

बाबा सांगायचे, त्या रात्री ऐन रंगात लाइन गेली. गॅसबत्तीत हवा भरेपर्यंत मांडवात मिट्ट काळोख. आईच्या मामांनी घाबरून विचारलं, "काऊन हो भाऊ, आता फोटूचं कसं?" अंधारातून फोटोग्राफरचा शांत आवाज आला, "लाइन गेली त गेली. दहा फूट कुठी जाते?"

या वाक्यात फोटोग्राफीचं अर्ध शास्त्र आहे, असं माझं मत. त्याने संध्याकाळीच खुर्च्यांपासून दहा फुटांवर खडूची रेघ मारून ठेवली होती. भिंगावर अंतराचे आकडे असतातच, चाक दहावर आणलं की झालं, पाहायचं कशाला? उरलेलं आमच्या खात्यातलं गणित. फ्लॅशच्या ताकदीचा एक आकडा असतो, त्याला फुटांनी भागायचं. आकडा ऐंशी असेल तर दहाने भागून आठ, म्हणजे भिंगाचं तोंड आठ आकड्याइतकं बारीक ठेवायचं. आणि तोंड बारीक केलं की एक फायदा फुकट पदरात पडतो. फोकस म्हणजे एक ठिपका, असं आपण समजतो; प्रत्यक्षात ती कॅमेऱ्यासमोर आडवी उभी असलेली न दिसणारी भिंत असते, आणि तोंड जितकं बारीक तितकी ही भिंत जाड. त्या याशिकात दहा फुटांवर फोकस आणि आठचं तोंड म्हणजे साधारण सव्वाआठ फुटांपासून बारा फुटांपर्यंतचं सगळं रेखीव. पावणेचार फूट जाडीची भिंत! एवढ्या जाडीत जुन्या वाड्यांत लोक कोनाडे करत.

आमच्या आईबाबांच्या फोटोत त्या कोनाड्यात माझी आजी उभी आहे. खुर्च्यांच्या मागे, हातात हळदीकुंकवाचं ताट, नजर भलतीकडेच. फोटो आपला निघतो आहे याची तिला कल्पनाही नसावी. कपाळावरचं गोंदण मोजता येतं. आजी 1979 साली गेली आणि तेव्हा कळलं, तिचा दुसरा फोटोच नाही. बाबांनी हाच फोटो अकोल्याला नेऊन तिच्यापुरता मोठा करून आणला. आजही भिंतीवरच्या त्या तसबिरीत खालच्या कडेला ताटाची कोर आणि कोपऱ्यात माझ्या आईचा खांदा आहे.

पुढच्या पिढीचे फोटोग्राफर मान वर करून फोटो काढू लागले. पेंटॅक्सचा के-1000 हा कॅमेरा 1976 ते 1997 असा एकवीस वर्षं निघाला. एवढी नोकरी हल्ली माणसंही करत नाहीत. अशा कॅमेऱ्यांतून भिंगातूनच पाहायचं. यांतल्या पुष्कळ कॅमेऱ्यांत मधोमध एक छोटं वर्तुळ, आडवं दुभागलेलं. फोकस नसेल तर उभी रेघ कमरेत मोडलेली दिसते. चाक फिरवून ती जोडायची. तेव्हा उभी रेघ हवी! मुंडावळ्या शोभेसाठी असतात, असं बायकांना वाटतं. फोटोग्राफरच्या दृष्टीने गालावरून सरळ खाली येणाऱ्या त्या दोन पांढऱ्या रेघा म्हणजे देवाघरचं वरदान. पण स्वागत समारंभापर्यंत त्या उतरलेल्या असत. मग टाय. नवरदेव सफारीत आला की फोटोग्राफरच्या पोटात गोळा यायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यातून भिंग कमी उजेडाचं असलं तर त्या वर्तुळाचा एक अर्धा भाग काळाच पडतो. मग परत दहा फूट.

मधल्या काळात व्हिडिओवाला आला आणि हजार वॅटचा दिवा घेऊन आला. फोकसची ददात मिटली, पण नवरानवरीचे डोळेही मिटले. फोटोग्राफर त्या उजेडावर उसनवारीने जगायचा, आणि व्हिडिओवाला पंगतीकडे वळला की कर्ज थकायचं.

तोवर तिकडे कॅमेऱ्यानेच फोकस लावायचं चाललं होतं. 1977 साली, म्हणजे इकडे खडूची रेघ मारली जात होती त्याच वर्षी, जपानात कोनिकाने आपोआप फोकस लावणारा पहिला कॅमेरा बाजारात आणला. 1978 साली पोलरॉइडने तर वटवाघळाची विद्या उचलली. कानाला न ऐकू येणारा आवाज सोडायचा, तो किती वेळात परततो त्यावरून अंतर. लाइन गेली तरी चालू! आमच्या मांडवांसाठी याच्याइतकं योग्य यंत्र नव्हतं, पण ते इथपर्यंत काही आलं नाही. आलं ते 1985 च्या मिनोल्टा 7000 पासून रुळलेलं तंत्र. भिंगाच्या दोन कडांतून आलेली दोन चित्रं यंत्र ताडून पाहतं आणि जुळली की थांबतं. म्हणजे मोडलेली रेघ जोडणंच, फक्त माणसाऐवजी यंत्राने. त्यामुळे अडचणही तीच. रेघ दिसली तर जोडणार! मेकअप केलेल्या गुळगुळीत गालावर अंधारात रेघ कुठली? भिंग घुं घुं करत पुढेमागे जायचं आणि शेवटी शालूच्या जरीकाठावर जाऊन बसायचं. 2005 नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत तर हे रोजचंच. तेव्हा फ्लॅशमधून आधी एक लाल झोत नवरीवर टाकायची सोय कामाला यायची. तो झोत पाहिला की मला बॅटरीवाला पोऱ्या आठवतो. शेवटी त्याला कॅमेऱ्यातच नोकरी मिळाली.

आताचे कॅमेरे पाहून मात्र हात जोडावेसे वाटतात. उजेड मोजायचं एक कोष्टक असतं. त्यात दर पायरीला उजेड निम्मा होतो आणि शून्याच्या खालीही जाता येतं. आम्ही त्याला ओव्हरड्राफ्ट म्हणतो. 2008 चा निकॉनचा डी-90 वजा एकपर्यंत फोकस लावायचा. 2018 चा कॅननचा ईओएस-आर, भारी भिंग लावलं तर, वजा सहापर्यंत. पाच पायऱ्या म्हणजे बत्तीसपट कमी उजेड. एवढ्या ओव्हरड्राफ्टवर आमच्या मॅनेजरने सही केली नसती. त्यातून आता यंत्र डोळा ओळखतं आणि पापणीवर फोकस लावतं.

मग बिघडलं कुठे? अंधारात, फ्लॅशशिवाय फोटो काढायचा तर भिंगाचं तोंड सताड उघडं लागतं. तोंड उघडं की भिंत पातळ. हल्लीच्या आवडीच्या 85 च्या भिंगाचं तोंड 1.8 पर्यंत उघडलं तर दहा फुटांवर भिंत उरते जेमतेम पाच इंचांची. नवरीच्या पापण्या मोजून घ्या; तिच्या मागचं जग लोण्यासारखं वितळलेलं. लोकांना तेच आवडतं, फोटोग्राफरचा काय दोष?

2019 साली कारंज्याला माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालं. अल्बम दोन हातांनी उचलावा लागतो. बाबा 2021 साली गेले. त्यांच्या शेवटच्या वर्षांतला चांगला फोटो म्हणून आम्ही तो अल्बम काढला, कारण त्या संध्याकाळी ते स्टेजवर नवरीच्या मागे बराच वेळ उभे होते. उभे आहेत. पांढरी टोपी म्हणजे एक गोल, खाली चेहऱ्याच्या जागी दुसरा गोल. आईने बोट ठेवून ओळखलं, "हे पाहा, हे." चुलतभावाच्या घरी आहेराची वही आहे, तीत बाबांचं नाव, गाव, पाचशे एक रुपये, सगळं ठसठशीत. वहीपुरते ते त्या लग्नाला होते.

यंदा रिसोडला भाच्याचं लग्न होतं. नवरानवरी खुर्च्यांत, आम्ही मंडळी मागे उभी राहू लागलो. मी आईला हाताला धरून पुढे आणली आणि नवरीच्या खुर्चीला खुर्ची लावून बसवली. मग मावशी, मामा, दोन्हीकडचे व्याही. एकेक खुर्ची, सगळ्या एका ओळीत. फोटोग्राफर पंचविशीतला पोरगा. तो अदबीने म्हणाला, "काकाजी, आजीले थोडं मांगं घ्या ना. मांगं माणसं असली का मस्त ब्लर येते."

"मागं कोणीच नाही राहत बाबू," मी म्हटलं. "तू मागं हो. दहा फूट."

त्याने हसून भिंग बदललं आणि मागे सरकत गेला. तोवर आहेराच्या रांगेतून आवाज आला, "अबे आटपा ना, पंगत बसून राह्यली!"