पाठवणाऱ्याचा शब्द : मेस, मिशन आणि कमिशन



इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद... जिथे मराठी घरं आहेत तिथली मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात. सैन्यभरतीच्या किंवा स्पर्धा परीक्षांसाठी इंग्रजी शब्द पाठ कसे करायचे? माझं उत्तर असं की शब्द सुटे सुटे पाठ करू नका, त्यांची घराणी ओळखा. आज आपण असंच एक घराणं पाहणार आहोत. विषय व्याकरणाचा वाटेल, पण खरं तर तो इतिहासाचा आहे.

लॅटिन भाषेत ‘मित्तेरे’ असं एक क्रियापद आहे. अर्थ सोडणे, पाठवणे. त्याचं भूतकाळवाचक रूप ‘मिस्सुम’, म्हणजे पाठवलेलं. इंग्रजीत या क्रियापदाचे दोन चेहरे दिसतात, एक ‘मिट’ आणि दुसरा ‘मिस’. आता पुढे उपसर्ग लावत चला. आरपार जाऊ देणे ते परमिट. आत येऊ देणे ते ॲडमिट. पलीकडे पाठवणे ते ट्रान्समिट. परत पाठवणे ते रेमिट. बाहेर सोडणे ते एमिट. खाली ठेवणे, म्हणजेच स्वाधीन करणे, ते सबमिट. वेगवेगळ्या दिशांना पाठवून देणे ते डिसमिस. मागे प्रत्यय लावले की आणखी पीक येतं. मिसाईल म्हणजे जे फेकता येतं ते. मिशन म्हणजे पाठवणी. मिशनरी म्हणजे त्या पाठवणीवर निघालेला माणूस.

ही रचना आपल्याला परकी नाही. संस्कृतात ‘सृज्’ धातू आहे, त्याचाही एक अर्थ सोडणे. त्यापासून सर्ग, विसर्ग, निसर्ग, संसर्ग, उत्सर्ग, विसर्जन झाले. एवढंच काय, ‘उपसर्ग’ हा शब्दसुद्धा याच धातूचा! आता गंमत पाहा. धूर बाहेर सोडणे याला इंग्रजीत एमिशन, आपल्याकडे उत्सर्जन. पाठवून देणे याला तिकडे डिसमिस, इकडे विसर्जन. कवायतीच्या मैदानावर इंग्रज अमदानीत ‘डिसमिस’ असा हुकूम होता, आज आपल्या हिंदी हुकुमात ‘विसर्जन’ म्हणतात. दोन्ही शब्दांची बांधणी जवळपास सारखी. गणपतीला निरोप देताना आणि परेड सोडताना आपण एकच शब्द वापरतो, हे किती जणांच्या लक्षात येतं?

इथे एक खबरदारी. ‘सृज्’ आणि ‘मित्तेरे’ हे रक्ताचे नातेवाईक नाहीत, त्यांचं फक्त काम सारखं आहे. खरं रक्ताचं नातं उपसर्गांमध्ये सापडतं. आपला ‘प्र’ आणि लॅटिन ‘प्रो’, आपला ‘अंतर्’ आणि लॅटिन ‘इंटर’ हे एकाच मूळ भाषेतून आलेले भाऊ. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत आणि व्याकरणात इतकं साम्य आहे की ते योगायोगाने येणं शक्य नाही. पुढे 1816 साली जर्मन पंडित फ्रान्झ बॉप यांनी संस्कृत क्रियापदांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांशी तुलना करणारा ग्रंथ लिहिला आणि तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया घातला गेला. शब्दाचे धातू, उपसर्ग आणि प्रत्यय असे भाग पाडण्याची शिस्त पाणिनीने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिली होती. युरोपला संस्कृत कळल्यावर या शिस्तीचा मोठा लाभ झाला.

मग लॅटिनचं हे घराणं इंग्रजीत शिरलं कसं? इंग्रजी मुळात जर्मानिक भाषा. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि इंग्लंडच्या दरबारात, न्यायालयात, सरदारांच्या घरात फ्रेंच बोलली जाऊ लागली. फ्रेंच ही लॅटिनची लेक. इंग्रजांच्या न्यायालयात इंग्रजीतून बाजू मांडण्याचा कायदा व्हायला 1362 साल उजाडलं. तोवर शेकडो फ्रेंच शब्द भाषेत मुरले होते. नंतर विद्वानांनी आणि चर्चने थेट लॅटिनमधूनही शब्द घेतले. म्हणून एकाच धातूचे काही शब्द फ्रेंच वाटेने झिजून आले, काही लॅटिन वाटेने कोरे करकरीत आले.

फ्रेंच वाटेने आलेला एक शब्द प्रत्येक फौजीच्या जिव्हाळ्याचा आहे, तो म्हणजे मेस. मुदपाकखान्यातून ताटावर पाठवलेला पदार्थ, असा त्याचा मूळ अर्थ. त्यावरून एकत्र जेवणाऱ्यांची पंगत, आणि मग ती जागा. पुण्यात विद्यार्थी ज्या मेसचा डबा लावतात, तीही हीच. तुमच्या मोबाईलवरचा मेसेज हा मेसचा सख्खा भाऊ. चर्चमधल्या उपासनेला मास म्हणतात, कारण लॅटिन विधीच्या शेवटी भाविकांना निरोप देताना ‘मिस्सा’ हा शब्द यायचा. पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात आला आणि कोकणीत ‘मीस’ झाला. ख्रिसमसमध्ये शेवटी बसलेला ‘मस’ तोच.

आता मी माझ्या आवडत्या शब्दाकडे येतो, कमिशन. ‘कॉम’ म्हणजे एकत्र, आणि पुढे आपलं ‘मित्तेरे’. दोन्ही मिळून अर्थ झाला विश्वासाने सोपवणे. ज्याच्यावर काम सोपवलं तो कमिटी. होय, कमिटी म्हणजे सुरुवातीला एकच माणूस असे, बारा जणांची बैठक नंतर आली. सोपवलेल्या अधिकाराने काम करतो तो कमिशनर. फौजेच्या रसदीचं खातं ते कमिसरिएट. मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांच्या फौजांत त्याला मोठं महत्त्व होतं, कारण दाणापाणी नसेल तर तोफा असून उपयोग नाही. 1917 च्या क्रांतीनंतर रशियात मंत्र्यांनाच कमिसार म्हणू लागले.

आणि फौजी अधिकाऱ्याचं कमिशन म्हणजे राज्यप्रमुखाने सही-शिक्क्याने दिलेला अधिकार. ब्रिटनमध्ये एके काळी घोडदळ आणि पायदळातलं हे कमिशन चक्क विकत घेता येत असे. ज्याच्या खिशात पैसा, तो कॅप्टन. ही पद्धत 1871 साली बंद झाली. हिंदुस्थानात वेगळीच भिंत होती. इथल्या सुभेदार-जमादारांना व्हाइसरॉयचं कमिशन मिळे. तीस वर्षं नोकरी केलेला, छातीवर पदकं मिरवणारा सुभेदारसुद्धा कालच आलेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटच्या हाताखाली असे. राजाचं कमिशन भारतीयांना खुलं करण्याचा निर्णय पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये झाला. 1932 साली डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत 40 कॅडेट होते, त्यात पुढचे फील्ड मार्शल सॅम माणेकशा. 1950 पासून आपलं कमिशन राष्ट्रपतींचं झालं. स्त्रियांना वैद्यकीय सेवेबाहेर अधिकारी म्हणून घेणं 1992 पासून सुरू झालं, आणि 17 फेब्रुवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सैन्यात त्यांच्या कायम कमिशनचा हक्क मान्य केला. एका शब्दाभोवतीच्या या सगळ्या झगड्याचा मुद्दा एकच : विश्वास कोणावर टाकायचा?

राजकारणातही हेच घराणं भेटतं. 1928 मध्ये सायमन कमिशन आलं, 1942 मध्ये क्रिप्स मिशन, 1946 मध्ये कॅबिनेट मिशन. सगळेच ‘पाठवलेले’. सायमन कमिशनात एकही भारतीय नव्हता, म्हणून लोकांनी ‘परत जा’ म्हणून सांगितलं. शब्दाच्या पोटातला प्रश्न जनतेने बरोबर ओळखला होता : तुम्हाला पाठवलं कोणी, आणि आमच्यासाठी की आमच्यावर?

मुलांनो, एक इशारा देऊन ठेवतो. चौकीवर प्रत्येकाचं ओळखपत्र पाहतात, तसं शब्दाचंही पाहा. ‘मिस्टेक’मधला ‘मिस’ या घराण्यातला नाही, तो जुन्या जर्मानिक गोतातला उपसर्ग. ‘लिमिट’ आणि ‘समिट’ यांच्या शेवटी ‘मिट’ ऐकू येतो, पण त्यांची मुळं वेगळी आहेत. वर्दी सारखी दिसली म्हणून माणूस आपल्या पलटणीचा होत नाही. पण खात्री करून घेतलीत तर एका धातूवर तीस-चाळीस शब्द हाती लागतात आणि पुन्हा विसरत नाहीत.

शेवटी एक गोष्ट. व्यापारात दुसऱ्यासाठी खरेदी-विक्री करण्याचा अधिकार म्हणजेही कमिशन. त्या कामाचा मोबदला तोही कमिशन झाला. यात गैर काही नाही, कष्टाचा पैसा आहे. पण आज आपल्या बोलण्यात ‘त्याने कमिशन खाल्लं’ असं वाक्य सहज येतं. सोपवलेला विश्वास असा ज्याचा अर्थ, तोच शब्द विश्वास विकण्यासाठी वापरला जातो. शब्दाचा यात दोष नाही. धातू तोच आहे, उपसर्ग तोच, प्रत्ययही तोच. बदललो ते आपण. म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही कागदावर कमिशन, कमिटी, कमिशनर हे शब्द दिसले, तर मनात एवढंच विचारा : इथे कोणी, कोणावर, काय सोपवलं आहे? आणि ते सांभाळलं जातंय का?

तुमच्या घरातल्या मुलांना सोबत घेऊन या घराण्याचे आणखी शब्द शोधा आणि मला कळवा. पुढच्या भागात भेटू.

जय हिंद.