आठ पिढ्यांचे घर

शेतकऱ्याचे घर इतिहासात सहसा उरत नाही. राजवाड्याची निगा राखली जाते, देवालयाचा जीर्णोद्धार होतो. शेतघर मात्र गरज संपली की पाडले जाते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनजवळील डेडहॅम गावी उभे असलेले फेअरबँक्स घराण्याचे घर हा या नियमाला ठळक अपवाद होय.

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील जोनाथन फेअरबँक्स १६३३ च्या सुमारास पत्नी ग्रेस व मुलाबाळांसह समुद्रापार आला. डेडहॅमची वसाहत १६३६ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तो तिच्या आरंभीच्या रहिवाशांपैकी एक झाला. त्याच्या घराच्या तुळयांतील वाढीची वलये तपासून तज्ज्ञांनी बांधकामाचा काळ १६३७ ते १६४१ असा ठरविला आहे. उत्तर अमेरिकेत आज उभ्या असलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांत हे सर्वांत जुने मानले जाते.

देश नवा असला तरी घराची घडण जुन्या मायभूमीचीच होती. मध्यभागी विटांचे भक्कम धुराडे. त्याच्या एका अंगास स्वयंपाकाची व रोजच्या कामाची खोली, दुसऱ्या अंगास बैठकीची, आणि वर माळ्याच्या खोल्या. कडाक्याच्या हिवाळ्यात एकच धुराडे दोन्ही बाजूंस ऊब देई. सांगाडा ओकच्या लाकडाचा. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचे टोक बसवून वर लाकडी खुंटी ठोकलेली. पुढे गरजा वाढल्या, तशी पाठीमागे उतरत्या छपराची पडवी आली. अठराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास दोन्ही बाजूंस नव्या खोल्या जोडल्या गेल्या. नव्यासाठी जुने पाडले मात्र नाही. म्हणूनच या एका घरात अनेक काळांचे बांधकाम शेजारी शेजारी वाचावयास मिळते.

तरीही ही परंपरा एकदा तुटण्याच्या बेतात होती. शेवटची रहिवासी रिबेका फेअरबँक्स हिला आर्थिक ओढगस्तीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घर विकावे लागले. बोस्टनच्या कॉडमन मायलेकींनी ते विकत घेतल्याने नाशाचे संकट टळले. १९०४ साली रिबेकाने घर सोडले आणि विखुरलेल्या वंशजांच्या मंडळाने ते परत कुटुंबाच्या हाती आणून संग्रहालय म्हणून खुले केले. १९६० च्या दशकात त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान लाभला.

ओक टिकाऊ खरा. पण नुसत्या लाकडाच्या बळावर घर पावणेचारशे वर्षे उभे राहत नाही. त्यासाठी प्रत्येक पिढीत कोणीतरी ते आपले मानावे लागते.