अनुक्रमणिकेतून गेलेलं झाड

मंडळी, कोल्हापूरकराने इतिहासावर लिहायचं म्हणजे पन्हाळा नाहीतर पावनखिंड, हे ठरलेलंच. पण आज आमच्या धंद्यातला थोडा इतिहास. आणि तो कुठे सापडतो, तर एका पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेत!

'डेटाबेस सिस्टम कन्सेप्ट्स' हे शिडाच्या होड्यांचं मुखपृष्ठ असलेलं जाडजूड पुस्तक कॉम्प्युटरवाल्यांना सांगायला नको. कोर्थ आणि सिल्बरशॅट्झ यांनी ते १९८६ साली काढलं. तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९७ पासून, आयआयटी मुंबईचे प्रा. एस. सुदर्शन तिसरे लेखक झाले. सातवी आवृत्ती २०१९ची. म्हणजे जगभरच्या पोरांनी डेटाबेसमधलं काय शिकायचं, हे थोडंफार पवईतही ठरतं.

सुरुवातीच्या आवृत्तीत तीन मॉडेल्स होती: हायरार्किकल, नेटवर्क आणि रिलेशनल. हायरार्किकल म्हणजे झाड. आपल्याकडचं उदाहरण घ्या. साखर कारखाना, त्याखाली गावं, गावाखाली शेतकरी, शेतकऱ्याखाली उसाचे प्लॉट. छान चालतं. पण एकाच शेतकऱ्याचं रान दोन गावांत असलं की आली पंचाईत! त्याची नोंद दोन फांद्यांवर करा, नाहीतर काहीतरी जोडतोड करा. आयबीएमचं आयएमएस असंच झाडाचं. अपोलो चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवण्याच्या कामातून ते १९६०च्या दशकात जन्मलं.

१९७० साली त्याच आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी मांडलं की झाड नको, साधी कोष्टकं ठेवा आणि मूल्यं जुळवून नाती शोधा. पुढे हीच पद्धत जिंकली. मग पुस्तकातली हायरार्किकल आणि नेटवर्कची प्रकरणं अपेंडिक्समध्ये गेली, आणि शेवटी छापील पुस्तकातूनच बाहेर, वेबसाइटवर.

दुसरी गंमत प्रॉडक्ट्सची. २००५च्या पाचव्या आवृत्तीत पोस्टग्रेस, ओरॅकल, डीबीटू आणि एसक्यूएल सर्व्हर यांना एकेक स्वतंत्र प्रकरण होतं. सातव्यात एकटं पोस्टग्रेस उरलं, तेही ऑनलाइन. मला यातला तर्क पटतो. प्रॉडक्टचं फीचर पुढच्या व्हर्जनला बदलतं, पुस्तक मात्र लायब्ररीत दहा वर्षं राहतं. आणि एकच ठेवायचं तर ज्याचा सोर्स कोड कुणालाही उघडून बघता येतो ते ठेवावं, हे बरोबरच.

पण नवीन गोष्टींचं काय? २००१च्या चौथ्या आवृत्तीत एक्सएमएलला मानाने अख्खं प्रकरण मिळालं. तेव्हा सगळीकडे त्याचीच हवा होती. २०१९ला ते प्रकरणही ऑनलाइन गेलं. छापील पुस्तकात त्याला जेसनसोबत छोटी जागा उरली, आणि ब्लॉकचेनला नवं प्रकरण मिळालं. आता ते किती टिकतंय बघू!

आता जरा थांबा. एक्सएमएल काय, जेसन काय, आकार कुठला? झाडच की! ज्याला अपेंडिक्सात पाठवलं तेच नाव बदलून परत आलं, आणि दोन गावांतल्या शेतकऱ्याची पंचाईतही सोबत घेऊन आलं. आयएमएससुद्धा मेलेलं नाही, आयबीएम आजही ते विकते.

म्हणून मला वाटतं, पुस्तकात काय घ्यावं याची कसोटी 'आज काय चालतंय' ही नसावी, 'कुठली अडचण पुन्हा येणार आहे' ही असावी. फीचर जुनं होतं, अडचण होत नाही. पण आपल्याकडे अनुक्रमणिका म्हणजे सिलॅबस, सिलॅबस म्हणजे पेपर, आणि पेपरात नाही ते जगातच नाही. अशाने जेसनमध्ये सगळा डेटा कोंबणारी पोरं तयार होतात, आणि पन्नास वर्षांपूर्वी लोक याच खड्ड्यात पडले होते हे त्यांना कुणी सांगतच नाही.

असो. कधी जुनी आवृत्ती रद्दीत दिसली तर उचला. प्रकरणं नाही वाचलीत तरी चालेल, पण नव्या आवृत्तीशेजारी ठेवून दोन्ही अनुक्रमणिका तेवढ्या वाचा. काय गाळलंय ते बघा.