अनन्य अभिज्ञापक

अनन्य अभिज्ञापक : एखादी व्यक्ती, वस्तू, जागा किंवा नोंद तिच्यासारख्या इतर सर्वांपासून निःसंदिग्धपणे वेगळी दाखविणारी खूण. एकच खूण दोघांना मिळता कामा नये आणि एकाला दोन खुणा मिळता कामा नयेत, अशा दोन अटी तिने पाळावयाच्या असतात. साध्या नावांना त्या सहसा पाळता येत नाहीत. वऱ्हाडातील अचलपूर या शहराची ब्रिटिश अमदानीतील कागदपत्रांत एलिचपूर अशी नोंद आढळते. त्या नावाचा स्वतंत्र जिल्हा १९०५ मध्ये अमरावती जिल्ह्यात विलीन झाला. म्हणजे शहर एक, नावे दोन. उलट त्याच अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन तालुक्यांची ठिकाणे असून ‘बाजार’ व ‘रेल्वे’ ही पदे जोडल्यावाचून त्यांतील कोणते अभिप्रेत आहे, हे कळत नाही. गावांच्या नावांपुढील खुर्द (लहान) व बुद्रुक (मोठे) ही मूळची फार्सी विशेषणेही याच गरजेतून रूढ झाली. पुढे संगणकांना ज्या अडचणीतून मार्ग काढावा लागला, ती या दोन उदाहरणांत सामावलेली आहे.

नावाऐवजी क्रमांक देण्याची पद्धत वऱ्हाडात प्रथम जमिनीच्या संदर्भात सार्वत्रिक झाली. १८५३ च्या तहाने हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला व १८६० नंतर तेथे मुंबई पद्धतीने जमिनीची मोजणी होऊन प्रत्येक शेताला भूमापन क्रमांक (सर्व्हे नंबर) मिळाला. हा क्रमांक गावापुरताच अनन्य असतो. बारा नंबरचे शेत गावोगाव असते. म्हणून दस्तऐवजात गाव, तालुका व जिल्हा लिहावेच लागतात. वाटण्या झाल्या की बाराचे १२/१, १२/२ असे पोटहिस्से पडतात. त्यांची नोंद चुकली, तर एकाची जमीन दुसऱ्याच्या नावे लागते, आणि अशी एक चूक कुटुंबाला पिढी दोन पिढ्या न्यायालयात अडकवू शकते.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली टपालाची पिनकोड पद्धतीही याच घडणीची आहे. टपालखात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे तिचे जनक होत. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्त्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक लिपी यांमुळे होणारा घोटाळा टाळणे, हा तिचा हेतू होता. अचलपूरचा ४४४८०६, चांदूर बाजारचा ४४४७०४ व चांदूर रेल्वेचा ४४४९०४ हे क्रमांक पाहिले, की पहिले तीन अंक समान राहून पुढे वाटा कशा फुटतात ते दिसते. भूमापन क्रमांक असो वा पिनकोड, तो देणारे एक कार्यालय असते व दिलेल्या क्रमांकांची वही त्याच्याजवळ असते.

संगणकांच्या जाळ्यात ही वही नेहमी हाताशी असेलच असे नाही. समजा, अचलपूर व चांदूर बाजार येथील दोन संगणक आपापल्या नोंदींना १, २, ३ असे क्रमांक देत आहेत. दोन्ही याद्या अमरावतीस एकत्र केल्या, की प्रत्येक क्रमांक दोनदा येईल. प्रत्येक नोंदीपूर्वी मध्यवर्ती संगणकाला विचारावे, तर तार तुटताच काम थांबेल. कोणालाही न विचारता प्रत्येकाने स्वतःच क्रमांक घ्यावा आणि तरी तो जगात दुसऱ्या कोणाला मिळू नये, अशी युक्ती अमेरिकेतील अपोलो कंप्यूटर या कंपनीने १९८० नंतरच्या दशकात आपल्या जाल-प्रणालीसाठी योजिली. तिच्यातून वैश्विक अनन्य अभिज्ञापक (यूयूआयडी) निर्माण झाला. जुलै २००५ मध्ये आरएफसी ४१२२ या दस्तऐवजाने त्याचे इंटरनेटसाठी मानक ठरले. मे २०२४ मध्ये त्याची जागा आरएफसी ९५६२ ने घेतली.

हा अभिज्ञापक १२८ बिटांचा असतो व षोडशमान पद्धतीच्या ३२ अंकांत, मध्ये चार आडव्या रेघा घालून, लिहिला जातो. पहिल्या प्रकारात काळ व स्थळ यांची सांगड असते. १५ ऑक्टोबर १५८२ पासून, म्हणजे ग्रेगोरियन पंचांग लागू झाले त्या दिवसापासून, लोटलेला काळ सेकंदाच्या एक कोट्यंश भागांत मोजतात आणि त्याला संगणकाच्या जाल-पत्रिकेचा ४८ बिटांचा क्रमांक जोडतात. घड्याळ मागे सरकले तर जुनीच वेळ पुन्हा येईल, म्हणून आणखी १४ बिट राखलेले असतात. हे सर्व बारकावे प्रत्येक आज्ञावलीकाराने नव्याने सांभाळावेत, हे शक्य नसते. यासाठी लायब्ररी म्हणून ओळखले जाणारे तयार आज्ञावल्यांचे संग्रह वापरतात. लिनक्ससाठी थिओडोर त्सो यांनी लिहिलेला लिबयूयूआयडी हा त्यांपैकी महत्त्वाचा होय. जावा भाषेत ही सोय २००४ मध्ये, तर पायथनमध्ये २००६ मध्ये अंतर्भूत झाली.

पहिल्या प्रकाराचा एक दोष लवकरच उघड झाला. जाल-पत्रिकेचा क्रमांक अभिज्ञापकातच असल्याने तो कोणत्या यंत्रावर तयार झाला, हे ओळखता येई. १९९९ मध्ये पसरलेल्या मेलिसा या संगणक-विषाणूच्या कर्त्याचा माग काढताना वर्डच्या दस्तऐवजांत आपोआप उमटलेल्या अशाच अभिज्ञापकांचा आधार घेण्यात आला. गुन्हेगाराबाबत जे उपकारक ठरले, ते निरपराध लेखकाबाबतही तितकेच खरे होते. चौथ्या प्रकारात म्हणून १२२ बिट केवळ यदृच्छेने निवडतात. असे अभिज्ञापक सु. २·७ × १०<sup>१८</sup> इतके निर्माण झाल्यावर त्यांत कोठेतरी एक जोडी जुळण्याची संभाव्यता निम्म्यावर पोहोचते. मात्र ही भिस्त यदृच्छेच्या खरेपणावर असते. २००८ मध्ये डेबियन या प्रणालीतील यदृच्छ अंकांचा स्रोत एका दुरुस्तीमुळे जवळजवळ आटला असल्याचे आढळले. तेथे प्रश्न गुप्त किल्ल्यांचा होता, परंतु अभिज्ञापकांनाही अशा स्रोताशिवाय गती नाही. यदृच्छ अभिज्ञापकांना काळाचा क्रम नसल्याने मोठ्या नोंदसंग्रहांत ते विस्कळीत पडतात. २०२४ च्या मानकातील सातव्या प्रकारात वेळ पुन्हा आरंभी आणली आहे.

चांदूरचा प्रश्न अशा रीतीने सुटतो. एलिचपूरचा मात्र सुटत नाही. एकाच शेताची दोन वेळा नोंद झाली, तर लायब्ररी त्याला दोन निर्दोष अभिज्ञापक देते. नावावरून अभिज्ञापक काढण्याचा पाचवा प्रकार आहे व त्यात त्याच नावापासून तोच अभिज्ञापक मिळतो. परंतु एलिचपूर व अचलपूर यांपासून तो दोन वेगळे काढील. तेथे मूळ वस्तूच तपासावी लागते. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी वितरण सुरू झालेला १२ अंकी आधार क्रमांक याच हेतूने बोटांचे ठसे व डोळ्यांची बुबुळे यांच्याशी जोडलेला आहे, आणि २०२१ मध्ये सुरू झालेला जमिनीचा १४ अक्षरांकी क्रमांक शेताच्या सीमेवरील बिंदूंच्या अक्षांश-रेखांशांवरून काढला जातो.