रक्ताच्या डागावर फेस का येतो?

डोंबिवलीतल्या आमच्या घरात आजीचा एक नियम होता. कपड्याला रक्त लागलं की आधी गार पाणी, गरम पाण्याला हात लावायचा नाही. हे ती मला कुजबुजत सांगायची. पाळीचं कापड धुवायचं ते सगळे उठायच्या आत, आणि वाळत घालायचं ते दुसऱ्या कपड्याच्या आड. 'गारच का?' या प्रश्नाला उत्तर नसायचं. आता मी एन्झाइमवर पीएचडी करतेय, म्हणून ते उत्तर इथे देते.

रक्तात प्रथिनं असतात. गरम पाण्यात अंडं घट्ट होतं, तशीच ती धाग्यात घट्ट बसतात. गार पाण्यात ती विरघळून निघून जातात. आजीचा नियम शंभर टक्के बरोबर होता.

उरलेल्या पिवळट डागावर आई औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायची. फस्सकन फेस यायचा. या फेसाला मोठा इतिहास आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनार यांनी 1818 मध्ये पेरॉक्साइड शोधलं. 1863 मध्ये शोनबाइन यांनी याच फेसावरून डाग रक्ताचा आहे का हे ओळखायची चाचणी सुचवली. पुढे ऑस्कर लोव्ह तंबाखूच्या पानांवर काम करत होते. पेरॉक्साइड फोडणाऱ्या एन्झाइमला त्यांनी 'कॅटलेज' असं नाव दिलं, त्यांचा अहवाल 1901 चा. हेच कॅटलेज आपल्या रक्तातही असतं. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, आणि तो ऑक्सिजन म्हणजे तुम्हाला दिसणारा फेस.

आता गंमत बघा. फेस आला म्हणजे डाग गेला असं नाही. डागाचा रंग घालवतं ते न फुटलेलं पेरॉक्साइड. कपड्यात रक्त जास्त असेल तर कॅटलेज बरंचसं पेरॉक्साइड आधीच संपवून टाकतं. म्हणून आधी गार पाण्यात भिजवून रक्त काढायचं, मग 3 टक्क्यांचं पेरॉक्साइड. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीपाशी थेंबभर टाकून बघा, कारण ते कपड्याचाही रंग उडवू शकतं. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको.

आणि हे रसायन काही परदेशातलंच नाही. वाडिया समूहाची नॅशनल पेरॉक्साइड ही कंपनी 1954 ची. तिचा कारखाना आपल्या कल्याणजवळ, आंबिवली स्टेशनच्या बाजूला, मोहने-अटाळी-वडवली भागात. कापड आणि कागद पांढरा करायला पेरॉक्साइड लागतं. म्हणजे कारखान्यात जे टनांनी वापरतात, तेच आईच्या मोरीत झाकणभर असायचं.

शोनबाइन यांची चाचणी पुस्तकात आली, कारण त्यांना रक्त शोधायचं होतं. आजीला ते लपवायचं होतं, म्हणून तिचा नियम कुणी लिहून ठेवला नाही. तो आज मी लिहून ठेवतेय. तुम्ही तो घरातल्या मुलींना सांगा, मुलांनाही सांगा, आणि कुजबुजू नका. कापड धुतलं की सरळ उन्हात घाला.