शेवटच्या कडव्यातलं नाव

14 एप्रिलची मिरवणूक नांदेड शहरात 14 एप्रिललाच निघते. खेड्यांतली भीमजयंती मात्र मे महिना सरत आला तरी चालू असते. कंधार, मुखेड, अहमदपूर, उदगीर या भागातली गावं आपापली तारीख धरतात. त्याला कारणं बरीच आहेत. वर्गणी जमायला वेळ लागतो, कामाला बाहेर गेलेली माणसं परत यावी लागतात. पण एक कारण आमच्याशी बांधलेलं आहे. सगळ्यांनी एकच दिवस धरला तर गायन पार्टी कुणाच्या गावाला जाणार? मी याच पट्ट्यात पेटी वाजवत वाढलो. आमचा सगळा हंगाम या पुढं-मागं केलेल्या तारखांवर उभा आहे. एका गावचा कार्यक्रम ऐकायला शेजारच्या गावातली माणसं येत, आणि पहाटे पेटी बांधताना त्यांतलंच कुणीतरी सुपारी पुढं करी.

या श्रोत्याची जडणघडण जुनी आहे. सत्यशोधक जलशांची वाट आधीच पडलेली होती. 1931च्या सुमारास भीमराव कर्डक यांनी नाशिककडं आंबेडकरी जलसा उभा केला. ढोलकी, पेटी, वग, गाणं, आणि त्यातून सभेत सांगायचं ते सगळं. आपल्याकडं तेव्हा निजामाचं राज्य. गश्ती निशाण 53 या सरकारी परिपत्रकाखाली सभेला परवानगी लागायची. 17 सप्टेंबर 1948 नंतर हा मुलूख मोकळा झाला, 1956च्या धर्मांतरानंतर गावोगाव नवी गाणी हवी झाली, आणि ती घेऊन फिरणाऱ्यांत सगळ्यांत मोठं नाव वामनदादा कर्डकांचं.

वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म 1922चा. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. पहिलं गाणं 1943 साली रचलं आणि 2004 साली जाईपर्यंत रचतच राहिले. ही गाणी हजारांनी मोजतात. एवढं सगळं लोकांपर्यंत पोचलं कसं, हे मला आजच्या पोरांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. दादा गावात यायचे, कुणाच्या तरी घरी उतरायचे, त्या घरात शिजेल ते जेवायचे. गाणं गाऊन झालं की ते गावातल्या गाणाऱ्या पोरांच्या वहीत उतरायचं. दादा पुढच्या गावाला गेले तरी गाणं मागं राहायचं आणि ती पोरं ते गात सुटायची. त्यासाठी कुणी कुणाची परवानगी मागितली नाही. आपलं गाणं दुसऱ्याच्या तोंडी जाऊ देणं, हीच दादांनी श्रोता मिळवण्याची रीत ठेवली.

मग रचणाऱ्याचं नाव कसं टिकलं? त्याची सोय गाण्यातच होती. अभंगाच्या शेवटी तुकाराम किंवा नामदेव येतात, तसा शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. ज्या माणसानं दादांना कधी पाहिलं नाही, ज्याच्या घरी रेडिओ नव्हता, त्यालाही गाणं संपता संपता कवीचं नाव कळायचं. लातूरच्या गंजगोलाईत हमाली करणाऱ्या माणसाला आणि पूर्णा जंक्शनवरच्या रेल्वे कामगाराला ते नाव सारखंच पाठ.

पैशाची रीतही बघण्यासारखी आहे. आमच्या कार्यक्रमाला तिकीट नसतं. घरटी वर्गणी निघते, म्हणजे समोर बसलेला प्रत्येक जण यजमान असतो. त्यावर रात्री बक्षीस. गाणं रंगात आलं की एखादी बाई पोराच्या हातात दहाची नोट आणि चिठ्ठी देऊन त्याला स्टेजकडं धाडते. गायक अंतरा तिथंच थांबवतो, ढोलकीवाला नुसता ठेका धरून ठेवतो. मग माईकवरून नाव, गाव, रक्कम आणि ‘त्यांना मानाचा जय भीम’. तेवढं झालं की बरोबर त्याच ओळीवर परत यायचं. ज्या बाईचं नाव गावात कुणी मोठ्यानं घेतलं नसेल, ते भोंग्यावरून पार शिवारापर्यंत जायचं. गाण्यात खंड पडतो म्हणून शहरातल्या रसिकांनी या रीतीला नावं ठेवली आहेत. मला ते मान्य नाही. त्या बाईचं नाव घेणं हाही कार्यक्रमच आहे.

1978 साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारलं. 1993च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारेंनी नामांतरासाठी नांदेडात स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994ला नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत आमचा श्रोता बदलला. तो करमणुकीसाठी येईनासा झाला, आपल्यावर काय गुदरलं ते दुसऱ्याच्या आवाजात ऐकायला येऊ लागला. या माणसांवरची गाणी ऐकताना टाळी पडत नसे.

त्याच काळात कॅसेट आली. प्रल्हाद शिंदेंचा आवाज टेपवरून घरोघर गेला. विठ्ठलाचं गाणं आणि भीमाचं गाणं एकाच गळ्यातून. पार्टी गावात पोचण्याआधीच लोकांना गाणी पाठ असायची, ‘तेच म्हणा’ अशी फर्माईश व्हायची. आमची कामं वाढली, हे खरं. पण कॅसेटच्या एका बाजूत चार गाणी बसवायची तर कडवी गाळावी लागत. माझ्याकडच्या काही जुन्या कॅसेटींत गळालंय ते नेमकं शेवटचं कडवं. गाणं राहिलं, ‘वामन’ गेला. गायकाचा फोटो वेष्टनावर, आणि रचणारा कुठंच नाही. पिढीच्या पिढी ती गाणी ‘पारंपरिक’ समजून म्हणू लागली, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मुखेड-लोह्याकडची पोरं मोबाइलवर गाणी टाकतात. पडद्यावर खाली सुपारीसाठी फोन नंबर असतो, आणि तो नंबर खरंच वाजतो. एप्रिल-मेच्या तारखा अजून गावंच ठरवतात, वर्गणी अजून घरटीच निघते. पडद्यावर वेळेची अडचण नाही, गाणं दहा मिनिटांचं केलं तरी कुणी अडवत नाही. म्हणून माझ्याकडं शिकायला येणाऱ्यांना मी आधी पूर्ण गाणं उतरवून घ्यायला लावतो, आणि शेवटचं कडवं पाठ झाल्याशिवाय पेटीला हात लावू देत नाही.