बेडरूमचं वुडन फ्लोअरिंग आणि बाथरूमची टाइल : दारातला सांधा कसा असावा?

बेडरूमला हौसेने लाकडी फ्लोअरिंग केलं जातं आणि पहिल्याच पावसाळ्यात बाथरूमच्या दाराजवळच्या पट्ट्या फुगून वर येतात. दोष बहुतेक वेळा लाकडाचा नसतो, दारातल्या सांध्याचा असतो.

सांधा का बिघडतो?

लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. टाइल मात्र जवळजवळ हलत नाही. लाकूड टाइलला घट्ट भिडवलं किंवा मधली फट सिमेंटने भरली, तर फुगलेल्या लाकडाला सरकायला जागाच उरत नाही. मग ते वर उचललं जातं, नाहीतर दर्जा तडकतात. त्याच फटीतून बाथरूमचं पाणी लाकडाखाली शिरतं. लॅमिनेटच्या कडा एकदा फुगल्या की वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत, त्या पट्ट्या बदलाव्याच लागतात.

योग्य पद्धत कोणती?

१. जागा : सांधा बंद दाराच्या बरोबर खाली यावा. दार लावल्यावर बेडरूममधून फक्त लाकूड आणि बाथरूममधून फक्त टाइल दिसते.

२. उंबरा : आपल्याकडे बाथरूमची फरशी सतत ओली असते. त्यामुळे मध्ये ग्रॅनाइटची पट्टी बसवणं सर्वांत सुरक्षित. वॉटरप्रूफिंगचा थर या पट्टीखालीही न्यावा.

३. उतार : बाथरूमची फरशी पट्टीपेक्षा थोडी खाली असावी आणि तिचा ढाळ दाराकडे नव्हे, जाळीकडे असावा.

४. फट : लाकूड आणि पट्टी यांच्यात साधारण ८ ते १० मिमी जागा सोडावी. नेमकं माप फ्लोअरिंग कंपनीच्या सूचनेप्रमाणे घ्यावं.

५. झाकण : दोन्ही बाजू एका पातळीत असतील तर टी-आकाराची धातूची पट्टी आणि उंची वेगळी असेल तर उतरती रिड्युसर पट्टी वापरावी. ती खालच्या कोब्याला पक्की करावी, लाकडाला स्क्रू मारू नये. टाइलकडची कड सिलिकॉन सीलंटने बंद करावी.

उंची किती?

अमेरिकेतील अपंगांसाठीच्या सुगम्यता नियमांत दाराच्या उंबऱ्याची उंची अर्धा इंच, म्हणजे सुमारे १३ मिमीपर्यंत मर्यादित आहे. घरात आजी-आजोबा असतील तर हेच माप लक्षात ठेवा आणि पट्टीची कड गोलसर घासून घ्या. रात्री अर्धवट झोपेत ठेच लागते ती अशाच कडेला.

काम सुरू होण्यापूर्वी

टाइलचं काम गवंडी करतो, लाकडाचं दुसरा कारागीर. दोघांची गाठ पडत नाही आणि उंचीतला फरक शेवटी कळतो. म्हणून टाइल व तिच्याखालचा मसाला, लाकूड व त्याखालचा फोम यांची जाडी आधीच मोजून तयार फरशीची लेव्हल भिंतीवर खुणेने मारून घ्या. दार पट्टीवर घासणार नाही ना, हेही तेव्हाच पाहा. काम झाल्यावर दुरुस्ती करायची तर बहुधा तोडफोडच करावी लागते.